वेल्सचा गोळाभात

लग्नघरी अक्षता पडल्या की बायका नवरीच्या दागिन्यांकडे वळतात, प्रयागबाई आचाऱ्याच्या भट्टीकडे. कढईत काय, कशासाठी, आधी काय पडलं, हे विचारल्याशिवाय त्यांना पंगतीचं जेवण गोड लागत नाही. त्यांचे यजमान रुपराव, सिंचन खात्यातले निवृत्त कारकून, तेवढा वेळ ओळख नसल्यासारखे मांडवाबाहेर उभे असतात.

दर उन्हाळ्यात प्रयागबाईंच्या माहेरची, भिवापूरची मिरची मनीषनगरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर वाळते, चक्कीतून तिखट होऊन येते आणि वेल्समधल्या एका लहान गावी मुलाकडे, पियुषकडे जाते. यंदा तो फोनवर म्हणाला, "आई, तिखट नको पाठवू. इथं सुपरमार्केटमध्ये आपलं सगळंच भेटते."

प्रयागबाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पोराला आईच्या हातचं लागत नसेल, तर आईने पाठवायचं तरी काय? मिरचीचं पोतं तसंच बांधून ठेवलं. पण त्यांचा स्वभाव त्यांना गप्प बसू देईना. सगळंच म्हणजे काय?

रविवारी दुपारी त्यांनी पियुषला व्हिडिओ कॉलवर त्या दुकानात उभं केलं.

"पुढं सरक. थांब. हे का हाय गा?"

"कोंबडीचा रस्सा, बाटलीतला. आपलाच म्हणते हे लोक."

बाटलीवर हत्ती होता, महाल होता, तीन लाल मिरच्या होत्या. आत पिवळं, दाट काहीतरी. शेजारच्या सँडविचमध्ये कोंबडीला चक्क मनुका लावलेल्या.

"कोंबडीत मनुका? काहून?"

"मले का माहीत वं आई!"

रुपराव खो खो हसले. प्रयागबाई मात्र विचारात पडल्या. "कोणीतरी त्याइले सांगतलं असन, राजाच्या जेवणात मनुका राहते. टाकल्या बिचाऱ्याइनं."

"धरमपेठेतलं आपलं मंचुरियन चीनच्या माणसाले दाखव," रुपराव म्हणाले, "तो बी असाच विचारात पडन."

मग थंड कपाटातला एक डबा पुढे आला. त्यात लिंबाएवढे, तपकिरी, गोल गोल काही होतं.

"अरे, हे तं गोळे!" प्रयागबाई ओरडल्या. "गोळाभाताचे गोळे!"

"आई, कांद्याचे भजे हायेत ते."

"भजं कधी एवढं गोल राहते का? डाळीचे गोळेच हायेत. घे. घरी भात टाक, वरून हे कुस्कर अन् तिखटाची कडकडीत फोडणी ओत."

गोळाभात असाच खातात, आणि प्रयागबाईंची एकदा खात्री झाली की डब्यावरचं नाव वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. पियुषने डबा घेतला.

संध्याकाळच्या चहाला पुन्हा फोन आला. तिकडे भात झाला होता. तिखटासाठी पियुषने कपाटात हात घातला आणि अगदी मागून एक पुडा काढला. त्याला हिरव्या दोऱ्याची दुहेरी गाठ होती. प्रयागबाईंनी ती लगेच ओळखली. गेल्या वर्षी त्यांनीच मारलेली. सुटलेलीसुद्धा नव्हती.

पियुषने मान खाली घातली. "एकट्यासाठी कोण फोडणी देते, आई? बाटली उघडतो, गरम करतो, खातो."

इतके दिवस प्रयागबाई उगाच त्या दुकानावर रुसल्या होत्या. पोरगा एकटा जेवत होता, एवढंच.

"फोन तिथं उभा करून ठेव," त्या म्हणाल्या. "मी हाय इथं. सोड गाठ."

तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला आणि वर भिवापूरचं तिखट. क्षणात छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळू लागला. पियुष टॉवेल हलवत सुटला, खोकत, शिंकत, डोळे पुसत, आणि किती दिवसांनी असा हसत. इकडे रुपरावांनाही उगाच ठसका लागला.

भोंगा थांबल्यावर त्याने पहिला घास घेतला.

"कसं लागते?"

"हे भजेच हायेत वं आई." त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा. "पण लय भारी लागते."

"मंग यंदाचं तिखट पाठवू का?"

"पाठव," पियुष भरल्या तोंडाने म्हणाला. "पण तिखट सरेपर्यंत रोज असा फोन लाव."

रुपराव उठले आणि पोतं चक्कीवर न्यायला स्कूटरची किल्ली शोधू लागले.