गाणाऱ्याला दोन मिनिटं शांतता

माणूस जन्मभर गायला, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्याला निरोप कसा दिला? सगळ्यांना उभं केलं आणि तोंडं मिटायला लावली. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

शारजात रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. दुबईच्या एका हॉटेलात सोल गायचा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चर्चमधून निघून रस्त्यावर आलेलं, असं तो मला सांगायचा. मला त्यातले निम्मे इंग्रजी शब्द कळायचे नाहीत. पण तो नुसतं ‘बेबी’ म्हणाला तरी कुणीतरी पोटातून देवाला हाक मारतंय असं वाटायचं. बँड घरचाच होता. हा गायचा आणि कीबोर्ड वाजवायचा, बायको ड्रम्सवर, मुलगा गिटारवर, मुलगी त्याच्या मागून सूर धरायची. दुपारी प्रॅक्टिस चाले ती ड्रम्सवर पंचे टाकून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या ठेक्यात कधी मिसळून गेल्या, मला कळलंही नाही.

आणि तो वसईचा होता. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या मंडळाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वसईचा ख्रिस्ती माणूस, घरात मराठी, भांडण मराठीत, गाणं सुरू करतानाची मोजणीसुद्धा ‘एक, दोन, एक-दोन-तीन-चार’ अशी मराठीत. पण मंडळाच्या लेखी तो ‘गोव्याचा बँडवाला’. सगळे त्याच्याशी हिंदीत बोलायचे. हा मराठीत उत्तर द्यायचा, ते ऐकायचे आणि पुढचं वाक्य पुन्हा हिंदीत! मी चिडले की तो हसायचा. “जाऊ द्या वहिनी, त्यांना आपलं आडनाव ऐकू येतं, भाषा नाय.”

दोन हजार आठ सरता सरता मंदीत दुबई बसली. हॉटेलने पहिली कुऱ्हाड कशावर चालवली असेल, तर बँडवर. चार माणसांच्या जागी एक लॅपटॉप आला. आमच्या लोकांच्याही नोकऱ्या जात होत्या. दर शुक्रवारी कुणाचा ना कुणाचा सेंड-ऑफ, आणि प्रत्येक सेंड-ऑफला याला फोन. “हबीबी, दो-चार गाना बजा दो ना, अपना आदमी जा रहा है.” हा जायचा. चौघंही जायची. निघालेल्या माणसाचं आवडतं गाणं आधी विचारून बसवून घ्यायचा. लोक रडायचे, गळ्यात पडायचे, एकमेकांच्या हं. बँडची जेवणाची पानं शेवटी, कोपऱ्यात. त्याचं स्वतःचं कसं चाललंय, हे एकाने विचारलं नाही. तो तेव्हा पार अबू धाबीला, खलिफा सिटीतल्या व्हिलांमधून पोरांना पियानो शिकवत फिरत होता.

दुबई पुन्हा उभी राहिली, हॉटेलातली जागा मात्र परत आली नाही. काही वर्षांनी अशाच एका शिकवणीहून निघताना तो गाडीतच गेला. हार्ट अटॅक. वसईला माती देऊन बायको-मुलं घर आवरायला परत आली. सगळ्यांचे व्हिसा त्याच्या नावावर, त्यामुळे थांबायचा प्रश्नच नव्हता. मुलगा कॅनडाला निघाला होता, मुलगी दोह्याला, आई वसईला.

मंडळाने शोकसभा ठेवली तेव्हा त्याची बायको मला म्हणाली, “वहिनी, आम्ही तिघं परत एका गावात कधी असणार? तिथे त्याचं एक गाणं वाजवू द्या. त्याने स्वतः बांधलेलं.” त्याने बांधलेलं ते एकुलतं एक गाणं. चाल सोलची, बोल मराठी. सेंड-ऑफला ते कधी वाजलं नाही, कुणी मागितलंच नाही.

मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “इन्शाल्ला, बघू.” आखातात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे इथला कुणीही सांगेल.

रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावरचा पार्टी हॉल. वाद्यं खाली व्हॅनमध्ये. अध्यक्षांनी मला दारातच गाठलं. “अहो, शोकसभा आहे. ड्रम्स बरे दिसतात का? आपण भजन ठेवलंय ना.” मग माइकसमोर उभे राहिले आणि फॅमिलीला समजावं म्हणून हिंदीत बोलले. “हमारे गोवा के मित्र...” पेटीवर भजन झालं. मग ती शांतता.

शांतता संपली आणि सगळे बसले. त्याची बायको मात्र उभीच राहिली.

“साहेब, मराठीत बोलला असतात तरी समजलं असतं,” ती म्हणाली. “आम्ही वसईचे.” मग मुलांकडे वळून, “चला रे.”

माझं टाळकंच फिरलं. सगळ्यांसमोर अध्यक्षांना म्हटलं, “तुमच्या सेंड-ऑफला ढसाढसा रडला होतात ना याच्या गाण्यावर? नवी नोकरी मिळवून वर्षभरात परतही आलात. गरज सरो, वैद्य मरो! खरोखर मेला हो तो.” माझा मुलगा “मॉम, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग” म्हणत राहिला. बघू देत की!

मी खाली आले. मागे वाळूचं मोकळं पार्किंग, गाड्यांच्या मागे गाड्या लावलेल्या. वीज नव्हती म्हणून कीबोर्ड व्हॅनमध्येच राहिला. त्याच्या बायकोने एकच ड्रम काढला, तिच्या मुलाने साधी गिटार घेतली. मुलीने मोजलं, “एक, दोन, एक-दोन-तीन-चार.”

त्यांची व्हॅन नेमकी अध्यक्षांच्या गाडीमागे होती. ते किल्ली हलवत आले. “यल्ला बेटा, गाडी हटाओ.”

“सॉरी अंकल,” मुलगा गिटार न थांबवता म्हणाला, “द साँग इज नॉट ओव्हर.”

जाणार कुठे? उभे राहिले. जिन्यावरून एकेक करत मंडळ उतरलं आणि गाड्यांच्या मधे थबकलं. मुलीचा आवाज वर चढला. तोच, बापाचा, पोटातून येणारा. अध्यक्ष माझ्याकडे झुकले.

“अहो, हे मराठी आहे का?”

मी म्हटलं, “आता पाळा शांतता.”