हळद लावलेले दिवे

मोटारीचे दिवे लावले की मामा खाली उतरायचे, वीस पावलं पुढं चालत जायचे, मागं वळायचे आणि भर रस्त्यात उकिडवे बसायचे. तसेच बसून दिव्यांकडं टक लावून बघायचे. मान जरा डावीकडं, जरा उजवीकडं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणायचे, "समोरच्याला दिसायलंय का?"

परभणीच्या बाजारात हे बघायला माणसं थांबायची. मोटारीपुढं नारळ फोडायचे ते दिवस, त्यामुळं हा मोटारीला घातलेला नमस्कारच असणार असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटलं होतं, आणि मी हसलोही होतो. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता, म्हणून त्या हसण्याचं मला फारसं काही वाटत नाही. वाटण्याजोगं पुढं बरंच आहे.

मी तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होतो. निजामाचं राज्य होतं. सरकारी कागद उर्दूत, घरचं बोलणं मराठीत आणि यंत्रांची पत्रं इंग्रजीत. मला तिन्ही भाषा येत होत्या आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. मालकांची मोटार होती, ती मामा चालवायचे. मूळचे राणीसावरगावचे. निम्मी हयात बैलगाडी हाकलेली, आणि मग कुठल्याशा इंजिनियरसाहेबाच्या पदरी राहून मोटार शिकलेले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्याबद्दल एकदा कागदावर लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

मोटारीवर आले तरी त्यांच्यातला गाडीवान काही उतरला नव्हता. चढ लागला की जिभेनं टकटक करायचे. थांबायचं असलं की ब्रेकवर पाय आणि तोंडानं "हो, हो, हो." मुक्कामाला पोचलं की आधी रेडिएटरला पाणी, मग स्वतःला. मालक चिडवायचे, "मामा, तिला कडबा पण टाका." मामा गंभीरपणे म्हणायचे, "खात न्हाई मालक. नाईतर टाकला असता."

दिव्यांचं मात्र त्यांना खरोखर वेड होतं. मोटारींचे सगळ्या तऱ्हांचे दिवे त्यांनी हाताळले होते. पहिल्या साहेबाच्या गाडीला कार्बाईडचे दिवे होते. डब्यात कार्बाईडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, की गॅस धरायचा, आणि काडी लावली की भुर्रकन पेटायचा. वासानं डोकं उठायचं आणि जोराचा वारा आला की दिवा गुल. "पर डोळ्याला गार व्हता," मामा सांगायचे. नंतर विजेचे दिवे आले. त्यात बल्बच्या मागं चांदीचा मुलामा दिलेली वाटी असते. साधी काच असली तर उजेड काठीसारखा सरळ लांब जातो, रेघांची काच असली तर तो रस्त्यावर पसरतो. बल्ब वाटीत केसभर पुढं-मागं झाला तर सगळा उजेड झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. बल्बचा जोर तेव्हा मेणबत्त्यांत मोजायचे. आमच्या मोटारीला एकवीस मेणबत्त्यांचे बल्ब होते.

एका संध्याकाळी कारखान्याच्या आवारात त्यांनी मला हाताला धरून मोटारीपुढं नेलं आणि बसवलं. "बसा पंत. खाली बसा. बैलाचा डोळा हितं असतो." मी धोतर सावरत बसलो. ते परत जाऊन गाडीत बसले आणि त्यांनी दिवे लावले. डोळे दिपले.

"सांगा, आत कोन बसलंय?"

"तुम्हीच की."

"ते तुमाला ठावं हाय म्हून. दिसायलोय का मी?"

नव्हते दिसत. दोन पांढरे गोळे, आणि मागं नुसता काळोख.

"हां," मामा म्हणाले. "आपल्याला समदं दिसतंय अन् आपुन कुनाला दिसत न्हाई. लय वाईट असतंय बगा ते."

मी धोतर झटकून उठलो आणि आत जाऊन हे सगळ्यांना नक्कल करून दाखवलं. नक्कल मला बरी जमायची.

कापसाचा हंगाम सुरू झाला की मामा आणखी एक प्रकार करायचे. करडीच्या तेलात हळद खलायचे आणि बोटानं दोन्ही दिव्यांच्या काचांवर वरच्या अर्ध्या भागात तिचा लेप द्यायचे. रेडिएटरच्या जाळीला मालकांच्या आईंनी बांधलेलं लिंबू होतंच, तेव्हा हळदही त्यातलीच, दृष्ट लागू नये म्हणून, असं मी गृहीत धरलं. विचारलं नाही. तीन भाषा येणारा माणूस ड्रायव्हरला हळदीबद्दल काय विचारणार?

त्या वर्षी वालूरच्या एका बड्या असामीनं नवी मोटार घेतली. तिचे दिवे पांढरेशुभ्र होते. मालकांनी ते बघितले आणि घरी आल्यावर म्हणाले, "आपल्या मोटारीला कंदील लावलेत की काय?" एवढं वाक्य मला पुरलं. मी इंग्रजी कॅटलॉग काढला, आमच्या दिव्याचा प्रकार शोधला आणि सिकंदराबादहून पन्नास मेणबत्त्यांचे दोन बल्ब मागवले. कापसात गुंडाळून आले ते. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मामांनी बल्ब हातात घेऊन उजेडाकडं धरला आणि परत डबीत ठेवला. "पंत, ह्यो न्हाई बसवायचा. डायनामोला झेपायचा न्हाई, बॅटरी बसंल. वाटी तापून काळी पडंल. ते बी जाऊ द्या. ह्या दिवसांत रस्त्यानं रातध्याड कापसाच्या गाड्या येतात. गाडीवान कापसावर निजलेला असतो, बैल आपल्या मनानं चालायलेत. त्येंच्या डोळ्यांत ह्यो उजेड घातला तर त्येंनी जायचं कुटं?"

मी म्हणालो, "मामा, जग पुढं चाललंय."

"चाललंय की," ते म्हणाले, "समोरून कोन येतंय ते बगत चालावं, इतकंच."

दुपारी ते जेवायला घरी गेले आणि मी स्वतः बल्ब बसवले. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मालकांना झरीला जायचं होतं, मला त्यांना चकित करायचं होतं. काचा पिवळ्या दिसत होत्या म्हणून उपरण्याच्या टोकानं हळद स्वच्छ पुसून काढली. काचा आरशासारख्या लखलखल्या. मला अगदी धन्य वाटलं.

निघालो तेव्हा ऊन होतं, त्यामुळं दिवे लावायचा प्रश्न नव्हता, आणि मालकांच्या घाईत मामांचं काचांकडं लक्ष गेलं नाही. मामा चालवत होते, मालक त्यांच्या शेजारी आणि मी मागं. सूर्य बुडाला, रस्ता दिसेना, तसे मामांनी दिवे लावले आणि पुढचा सगळा माळ एकदम पांढरा झाला. मालक "वा!" म्हणाले. मामांनी गाडी हळू केली.

"हे कुनी केलं?"

मी उपरणं नीट करायला लागलो.

"मालक, जरा उतरून बगू द्या मला."

"मामा, तुमचं ते बसणं आज राहू द्या. उशीर झालाय, चला."

पुढं ओढ्यावरच्या पुलाशी वळण होतं. वळणाच्या पलीकडून कापसाची गाडी आली आणि दिवे थेट बैलांच्या तोंडावर पडले. मामांनी त्याच क्षणी दिवे मालवले, मोटार जागच्या जागी उभी केली आणि "हो, हो, हो" असं जिवाच्या आकांतानं ओरडले. ते मोटारीला नव्हतं. पण बैल वळले होते. गाडी भरावावरून खाली गेली. आमच्या मोटारीचा तिला धक्कासुद्धा लागला नाही. आम्ही अंधारात बसून नुसता आवाज ऐकला.

मामा सगळ्यात आधी खाली पोचले. झरीचा गाडीवान होता, त्याचा पाय जुवाखाली मोडला होता. एक बैल मानेवर पडला होता. मामा बैलाच्या डोक्याशी बसले आणि त्याचा जीव जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

पोलीस चौकीवरच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, मामांचं बयान, म्हणजे जबानी, उर्दूत लिहून मागितलं. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते माझ्याकडंच आले. दुसऱ्या कुणाकडं जाणार? कारखान्याच्या कचेरीत माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि सावकाश, एकेक वाक्य सांगत गेले.

"दिवे बदलले व्हते ते लिवा. कुनी बदलले ते माज्या तोंडून लिवू नगा, मी डोळ्यानं बगितलं न्हाई. पर बदलले व्हते. अन् हळद पुसली व्हती. हळदीनं उजेड पिवळा हुतो, धुरळ्यात बी चालतो अन् बैल त्याला बुजत न्हाई. कंदिलासारका वाटतो त्याला. हे नीट लिवा पंत. नाईतर गाडीवान निजला व्हता म्हून त्याच्यावर घालतील. त्याचा दोष न्हाई."

तेव्हा मला हळदीचा अर्थ कळला. माझं उपरणं समोर खुंटीवर होतं आणि त्याच्या टोकाला पिवळा डाग होता.

मी लिहिलं. मोटार कुठून कुठं चालली होती ते लिहिलं, वळण लिहिलं, बैल बुजले ते लिहिलं. दिव्यांचं वाक्य लिहिलं नाही. हळदीचंही नाही. मालकांनी मला तसं सांगितलं होतं असं म्हणायची सोय मला नाही. ते एक शब्द बोलले नव्हते. चौकशी झाली तर "बल्ब कुणी मागवले, कुणी बसवले" हे निघणार, एवढ्याच भीतीनं माझा टाक पुढं सरकला. माझं अक्षर त्या दिवशी नेहमीसारखंच सुरेख आलं होतं, हे मला अजून आठवतं आणि आठवलं की जेवण जात नाही.

"समदं आलं का?" मामांनी विचारलं.

"आलं," मी म्हणालो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. मामांना उर्दू वाचता येत नसलं तरी ऐकून कळत होतं. चौकीवर अमीनसाहेबांनी बयान मोठ्यानं वाचलं. मामा कान देऊन ऐकत होते. वळण आलं, बैल आले, आणि कागद संपला. अमीनसाहेब म्हणाले, "और कुछ बोलना है क्या?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. रस्त्यात बसून दिव्यांकडं बघायचे तसंच, मान जरा डावीकडं करून. मी भिंतीकडं बघायला लागलो. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर माझी नोकरी गेली असती आणि त्यांची राहिली असती.

"गाडीवानाचा दोष न्हाई, तेवढं लिवून घ्या साहेब," ते म्हणाले. "बाकी पंतानी लिवलंय म्हंजी बराबर आसंल."

अमीनसाहेबांनी ते वाक्य खाली जोडलं आणि मामांनी अंगठा दिला. गाडीवान सुटला. मग दोष कुणाचा तरी असायलाच हवा होता. मामांचा मोटार चालवायचा परवाना गेला, त्याबरोबर नोकरी गेली. जाताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या मेजावर ठेवली आणि म्हणाले, "रेडिएटरला सकाळी पानी बगत जावा." रागावले असते तर बरं झालं असतं. मी रात्री झोपलो असतो.

बल्ब तसेच राहिले. ते काढायचे तर का काढायचे हे सांगावं लागलं असतं. बायकोनं उपरणं दोन दिवस उन्हात टाकलं आणि त्यावरचा डाग उडून गेला.

पुढच्या हंगामात मी गंगाखेडकडून मोटारीनं परत येत होतो. मालक नव्हते, म्हणून मी पुढं बसलो होतो. नवा ड्रायव्हर वेगाचा शौकीन होता. दिवेलागण होऊन गेली होती. समोर एक कापसाची गाडी दिसली आणि तिचा गाडीवान उडी मारून खाली उतरला. बैलांच्या पुढं जाऊन त्यानं खांद्यावरची घोंगडी दोन्ही बैलांच्या तोंडांवर टाकली, ती दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि स्वतः आमच्याकडं तोंड करून उभा राहिला.

मामा होते. त्या पन्नास मेणबत्त्यांच्या उजेडात मला त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट दिसत होते, कानावर ठेवलेली विडी दिसत होती. डोळे गच्च मिटलेले होते. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही, पण माहीत होतं. "हो, हो, हो."

"दिवे मालव" एवढं म्हणायचं होतं मला. नाहीतर "थांब" म्हणायचं होतं. खाली उतरून त्यांचे पाय धरायला हवे होते. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मोटार त्यांच्या अंगावर धुरळा उडवत निघून गेली, आणि मी सीटवरून खाली सरकून तोंड लपवलं. लपवायची काही गरज नव्हती. त्या उजेडामागं बसलेला माणूस समोरच्याला दिसत नाही, हे मामांनीच मला जमिनीवर बसवून दाखवलं होतं.