अक्काची गाण्यांची वही

आमच्या घरी रेडिओ नव्हता. बंगलोरात, मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत तीन-चार घरांत होता, पण त्यांच्यावर बातम्या आणि शास्त्रीय गाणं एवढंच ऐकू यायचं. सरकारी स्टेशनवर तेव्हा सिनेमाची गाणी जवळजवळ लावतच नसत. ती ऐकायची तर रेडिओ सिलोन लावावं लागे, आणि सिलोन लावणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता. शेजारच्या घराच्या पुढच्या खोलीत तो भाड्याने राहायचा. बेळगावकडचा, पंचविशीचा, हैदराबादेत शिकलेला, कारखान्यात नोकरीला. घरमालकीण कानडी होती. ती रविवारी अंगणात तांदूळ निवडत बसायची आणि खिडकीकडे बघून म्हणायची, "स्वल्प जोरात लावा हो." तो लावायचा. मग सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

माझं वय तेव्हा अकरा. अक्का, माझी मोठी बहीण, अठराची, कॉलेजात इंटरला होती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि आईला अम्मा. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी बोलायचो, पण तिच्यात कानडी इतकी मिसळलेली की तो भाडेकरू पहिल्यांदा माझ्याशी बोलला तेव्हा हसला होता. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सिनेमाची गाणी वाईट, असंही ते कधी म्हणाले नाहीत. ऐकू आली की ते उठून मागच्या परसात जायचे, एवढंच.

अक्का गायची. शिकलेली नव्हती, पण एकदा ऐकलेली चाल तिच्या गळ्यात बसायची. न्हाणीघरात, कपडे वाळत घालताना, माझी वेणी घालताना ती गुणगुणायची. तिला संथ गाणी आवडत. सुरुवातीला व्हायोलिनं, मग एकटीच बाई गाते आहे आणि तिची वाट बघणं संपतच नाही, अशी. मला त्यातलं काही कळत नसे. तरी तिचं सर्वांत आवडतं गाणं लागलं की कुणीतरी कायमचं निघून चाललंय आणि आपण दारात उभे आहोत, असं वाटायचं. आमच्या घरातून तोवर कुणीच गेलं नव्हतं, म्हणून ते दुःख फुकटचं होतं. मला ते फार आवडायचं. रविवारची मी त्यासाठीच वाट बघायचे.

अक्काने एक वही केली होती, जुन्या हिशेबवहीची कोरी पानं शिवून. गाणं चालू असताना ती खिडकीशी बसून भराभरा शब्द उतरवून घ्यायची. हिंदी आम्हाला शिकवणीपुरतीच येत होती. उर्दू शब्द आला की अक्का अडायची आणि तिथे रेघ ओढून जागा सोडायची. 'दामन' हे कुणा माणसाचं नाव असावं, असं आम्ही दोघी बरेच दिवस धरून चाललो होतो.

एकदा मी कंपाउंडच्या भिंतीवर चढून त्या भाडेकरूला विचारलं, "दामन कोण?"

तो दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडानेच हसत सुटला. "दामन म्हणजे पदर, पोरी. कुणाला पाहिजे अर्थ?"

"अक्काला."

"वही आण, मी लिहून देतो."

मी नेली. त्याने निळ्या शाईने गाळलेल्या जागा भरल्या, आणि समासात अर्थ लिहिले. अक्का आधी माझ्यावर रागावली. मग ती ती पानं बराच वेळ वाचत बसली. त्यानंतर दर पंधरवड्याला मी वही भिंतीवरून द्यायचे आणि घ्यायचे. त्या दोघांमध्ये याहून जास्त काही होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. समोरासमोर ते बोललेले मी पाहिले नाहीत. तिचं आवडतं गाणं लागलं की तो खिडकीतला आवाज न सांगता मोठा करायचा, एवढं मात्र खरं.

मग ते गाणं लागेनासं झालं. नवी गाणी आली, ती जास्त चालली. पाच-सहा रविवार अक्का खिडकीशी बसून उठून गेली. फर्माइशीच्या कार्यक्रमाला मुंबईच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर नावं वाचून गाणं लावतात, हे मला माहीत होतं. अक्काचा वाढदिवस जवळ आला होता. मी अण्णांच्या फळीवरचं एक पोस्टकार्ड घेतलं आणि शिकवणीतल्या हिंदीत लिहिलं. फर्माइश करणाऱ्यांमध्ये पहिलं नाव अक्काचं घातलं. दुसरं त्या भाडेकरूचं, कारण रेडिओ त्याचा होता. ज्याच्या रेडिओवर ऐकायचं त्याचं नाव गाळणं मला बरं दिसलं नाही. माझं नाव शेवटी. तोवर कार्डावरची जागा संपत आली होती, म्हणून ते बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहिलं.

वाढदिवस होऊन गेला. मी पत्र विसरूनही गेले होते. आणि एका रविवारी दुपारी अण्णा जेवायला बसलेले असताना निवेदकाने त्याच्या गोड आवाजात गावांची नावं घेत घेत म्हटलं, "मल्लेश्वरम, बंगलोर से..." मग अक्काचं नाव, पूर्ण, आडनावासकट. मग 'और', आणि त्या भाडेकरूचं नाव. माझं नाव त्याने वाचलंच नाही. "और साथी," एवढं म्हणून तो पुढे गेला.

व्हायोलिनं सुरू झाली. अम्माच्या हातात ताकाचं भांडं होतं, ते तसंच राहिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाहेर अंगणात घरमालकीण कुणाला तरी कानडीत म्हणाली, "ऐकलंस का?" गाणं सगळं वाजलं. मी किती रविवार त्याची वाट बघितली होती, पण त्या दिवशी मला त्यातला एक सूरही ऐकू आला नाही. मी अण्णांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी ताकभात संपवला, पान उचललं, हात धुतले. मग अक्काला विचारलं,

"पत्र तू लिहिलंस?"

"नाही, अण्णा."

"मग त्याने लिहिलं?"

"मला माहीत नाही."

"पुस्तकं आण तुझी."

वही पुस्तकांतच होती. अण्णांनी ती उभ्यानेच चाळली. दोन अक्षरं कुणालाही ओळखू आली असती. एक तिचं तिरकं, आणि प्रत्येक कडव्यात दोन-तीन ठिकाणी, समासात सगळीकडे, दुसरं.

"हे अक्षर कुणाचं?"

अक्का बोलली नाही. मी अम्माच्या मागे उभी होते. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. ते तिथेच राहिले.

संध्याकाळी तो स्वतःच आला. अण्णांनी अर्धं दार लावूनच ठेवलं.

"साहेब, पत्र मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"वहीतलं अक्षर तुमचं आहे ना?"

"अक्षर माझं आहे, पण..."

"तेवढं पुरे."

त्याने मान वर केली आणि अण्णांच्या खांद्यावरून त्याला मी दिसले. वही कोण आणत होतं हे त्याने सांगितलं असतं तर सगळं तिथेच उलगडलं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि तो निघून गेला. आठवड्याच्या आत त्याने खोली सोडली. घोड्याच्या जटक्यात त्याची ट्रंक, वळकटी आणि चादरीत गुंडाळलेला रेडिओ गेला. घरमालकीण पुढे कित्येक महिने अम्माशी बोलली नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अम्माने वही न्हाणीघराच्या चुलीत, नारळाच्या शेंड्यांवर घातली. अक्का शेजारी उभी होती. त्यावर तापलेल्या पाण्याने तिने आंघोळ केली आणि नेहमीप्रमाणे माझी वेणी घालायला बसली.

"पत्र तू लिहिलंस ना?" तिने मागूनच विचारलं.

मी होकाराची मान हलवली. वेणी ओढली गेली.

"सांगू नकोस आता," ती म्हणाली. "तुला मार बसेल आणि माझं काही सुटणार नाही. वही तर माझीच आहे."

मी सांगितलं नाही. तिने सांगू नकोस म्हटलं होतं, या आडोशाला मी पुढे बरीच वर्षं राहिले.

अक्काचं कॉलेज बंद झालं. परीक्षेला दोन महिने होते. तिला मारलं नाही, कोंडलं नाही. अण्णा फक्त म्हणाले, "आता पुरे." वैशाखात तिचं लग्न झालं. नवरा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, गुंटकलच्या पुढे एका लहानशा ठाण्यावर स्टेशनमास्तर. माणूस वाईट नव्हता. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं की ते ऐकून मला भीती वाटायला लागली.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा सोळा वर्षांची होते. सगळीकडे काळी रखरखीत माती, दिवसाला चार गाड्या, मागे क्वार्टर. अक्काला दोन मुलं झाली होती. ती स्वयंपाक करताना, मुलांना झोपवताना मी कान देऊन असायचे. ती गुणगुणत नव्हती. मुलाला थोपटायची तेसुद्धा नुसत्या हाताने. मी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, काहीतरी म्हण ना." ती म्हणाली, "शब्द आठवत नाहीत गं," आणि पोळीला पीठ लावायला लागली.

इकडे बंगलोरात साठचं दशक आलं आणि गाणी बदलली. डोंगरातली, गाडीतली, नाचातली गाणी, ढोलक आणि गिटार. माझ्या कॉलेजच्या मुली बसमध्ये भेंड्या लावायच्या. माझी पाळी आली की मी खिडकीबाहेर बघायचे. त्यांना वाटे हिला गाणी येत नाहीत. येत होती. अक्काच्या वहीतली सगळी, तिच्या रेघांसकट. पण एखादी जुनी चाल कुणी सुरू केली की त्या कडव्यात निळी शाई कुठे होती तेच डोळ्यांपुढे यायचं. अकराव्या वर्षी जे दुःख मला फुकट मिळालं होतं ते आता खरं होतं, आणि त्यात आवडण्यासारखं काही उरलं नव्हतं. नव्या गाण्यांनी तर काहीच होत नसे. ती माझ्यावरून पाण्यासारखी निघून जायची.

चीनच्या लढाईत बातम्यांसाठी म्हणून अण्णांनी शेवटी रेडिओ घेतला. बातम्या संपल्या की ते लगेच बंद करायचे. तोवर सरकारी स्टेशनवरही सिनेमाची गाणी लागायला लागली होती. मी वीस वर्षांची असताना एका सकाळी बातम्यांनंतर तेच गाणं लागलं. अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. ते बटणापर्यंत पोहोचायच्या आत मी म्हटलं,

"अण्णा, ते पत्र मी लिहिलं होतं."

त्यांनी रेडिओ बंद केला. "कुठलं पत्र?" असं त्यांनी विचारलं नाही.

"वहीसुद्धा मीच नेत होते त्यांच्याकडे. अक्का कधी गेली नाही."

ते म्हणाले, "तिला माहीत होतं, तू लिहिलंस ते?"

"हो. दुसऱ्याच दिवशी."

"आणि तरी बोलली नाही."

मी रडत होते. ते माझ्यावर रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी अम्माला सांगून पिशवी भरून घेतली आणि दुपारच्या गाडीने अक्काकडे गेले. बारसं, सणवार काही नसताना लेकीच्या घरी ते पहिल्यांदाच चालले होते. तिसऱ्या दिवशी परत आले.

"काय म्हणाली?" अम्माने विचारलं.

"म्हणाली, आता राहू दे," एवढं सांगून ते परसात गेले.

तिथे काय झालं ते मला उन्हाळ्यात अक्काकडून कळलं. दुपारची गाडी गेल्यावर अण्णा तिच्याजवळ फलाटावरच्या बाकावर बसले. आपलं चुकलं असं म्हणणं त्यांना जमलं नाही. रुळांकडे बघतच ते म्हणाले, "एखादं गाणं म्हण." अक्काने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग ती म्हणाली, "येत नाही, अण्णा. आता राहू दे."

"त्यांना वाटलं मी रागाने 'नाही' म्हटलं," अक्का मला म्हणाली. "रागाने नव्हे गं. खरंच घशातून येईना. नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं."

"मग हे त्यांना सांग. चार ओळी लिही."

"लिहीन," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. अक्का तेराव्यापर्यंत राहिली. निघायच्या दिवशी सकाळी परसात भांडी पुसताना तिने मला विचारलं, "फलाटावरच्या त्या दिवसाबद्दल अण्णा पुन्हा काही बोलले होते?"

"नाही. तू लिहिलं होतंस का?"

ती पुसलेलं भांडं पुन्हा पुसत राहिली. "रोज म्हणायचे, उद्या लिहीन. मुलांच्या परीक्षा, पाहुणे, काही ना काही." मग म्हणाली, "मी रागावलेच होते थोडी. नव्हते असं नाही."

तिच्या मुलांची शाळा सुरू होती, म्हणून ती दुपारच्याच गाडीने गेली. मी तिला पोचवायला स्टेशनवर गेले होते. गाडी सुटेपर्यंत आम्ही अम्माच्या औषधांबद्दल बोललो.