सात नंबरचा माग आणि आभाळातलं स्टेशन

आमचे सासरे दगा तात्या भेस्तानच्या एका कापड-कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे मागांचे वैद्य. चाळीस वर्षांत त्यांनी एकही माग मरू दिला नाही. एकाचं चाक काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचा पट्टा तिसऱ्याला, आणि तिसरा कुरकुरला की त्याला शिवी. सात नंबरचा माग तर त्यांच्या लग्नाहून जुना. कारखान्याचा शेठ गुजरातीत म्हणाला, "दगाभाई, हवे आने भंगारमां काढीए. तमे पण आराम करो." तात्या दोन दिवस जेवले नाहीत. माग गेला की आपणही गेलो, अशी त्यांची पक्की समजूत.

माझी बायको सुषमा शाळेत विज्ञान शिकवते. एका संध्याकाळी तिनं गच्चीवरून अंतराळ स्थानक दाखवलं. चमकता ठिपका सरळ निघाला होता. आत माणसं राहतात म्हटल्यावर तात्यांची चौकशी सुरू झाली.

"तठे माल काय निघस?"

माल नाही, वजनच नसलं की हाडांचं काय होतं, रोपं कशी वाढतात, हे पंचवीस वर्षं शिकताहेत, असं सुषमानं समजावलं.

"पंचीस वरीस नुसतं शिकीच ऱ्हायनात?"

"तुम्हले चाळीस वरीसमा चहा करता येस नही," सासूबाई म्हणाल्या.

पण पाच-सहा वर्षांत ते स्थानक समुद्रात पाडणार, हे ऐकून तात्या भडकले. तडे गेलेत, हवा गळते, एवढंच ना? "मंग एक जॉबर धाडा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अमेरिकेला पत्र लिहायला बसवलं. जावयाला नाही म्हणता येत नाही. लिहिलं.

त्याच आठवड्यात सात नंबरचा धोटा, आडवा दोरा नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, मागातून उडाला. तो माग चालवणाऱ्या लखनच्या कानाजवळून सुसाट गेला आणि त्याच्याच डब्यातल्या वांग्याच्या भाजीत रुतला. सगळे हसले. कान जागेवर आहे हे चाचपून लखनही हसला. तात्या हसले नाहीत. धोट्याला फटका देणारा पट्टा सकाळी त्यांनीच आवळला होता.

घरी येऊन त्यांनी सुषमाला स्थानकाबद्दल विचारलं, "ते बंद पडस तोवर चालू का बरं ठेवतस नही?"

"बंद पडनं की ते हातमा ऱ्हास नही, तात्या. मंग कोनाबी डोकावर पडी. म्हनीसन चालू शे तोवरच उतारतस, जठे माणूस नही तठे."

तात्या उठून एकटेच गच्चीवर गेले. मला त्यांची काळजी वाटली.

सकाळी सात नंबरचा माग झकास चालत होता. तात्यांनी तो बंद केला. लखन तुटलेला दोरा शोधायला वाकला.

"दोरा नही तुटना, लखन. चांगला चालू शे, म्हनीसन बंद कया."

मग शेठच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी सांगून टाकलं, माग काढा, सोमवारपासून मीही येणार नाही. शेठला वाटलं, म्हातारा रागावला. त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं.

"रोना आता है, शेठ," तात्या म्हणाले, "गुस्सा नहीं."