अप्पांच्या मनगटावरचं पातळ घड्याळ

बेळगावच्या ज्या घड्याळांच्या दुकानात मी काम करते, तिथं एक जुनं सोन्याचं घड्याळ विकायला आलं. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, एवढंच जाड. आतली चाकं इतकी पातळ की कारागिरानं ती श्वास रोखूनच बसवली असतील. जाडी वाढू नये म्हणून सेकंदकाटा नाही, तारीख नाही. रोज चावी द्यायची. मी त्याच्यावर इतकी भाळले की अप्पांसाठी म्हणून घेऊनच टाकलं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, उळवीजवळ जंगलातल्या गुंद गावी असतात. भातशेती, आणि उरलेलं आयुष्य जंगलात लाकडं तोडण्या-उचलण्यात गेलं. उळवीच्या जत्रेला जायचं म्हणून मी घरी गेले. पडवीत शेजारची माणसं बसली होती. त्यांच्यासमोरच मी घड्याळ काढलं आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगू लागले.

"अप्पा, कडेनं बघा. एवढ्याशा जागेत सगळं यंत्र बसवलंय."

त्यांनी ते तळव्यावर घेतलं. "पानावाणी हाय की गं!"

"आता चावी द्या."

कडेची कळ तांदळाच्या कणीएवढी. कोयत्याच्या मुठीनं रुंद झालेल्या त्यांच्या अंगठ्याला ती लागेचना. हात धोतराला पुसून त्यांनी पुन्हा धरली, जरा दाबली.

"जोर नका लावू! मोडेल ते!" मी ओरडले आणि घड्याळ हिसकावूनच घेतलं.

अप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. "आमची बोटं ह्या कामाची न्हाईत, बाय," म्हणाले, आणि हसले. मला मान वर करवेना. माझ्या डोळ्यांना आवडलेली वस्तू मी आणली होती. ज्या बोटांना धरून चालायला शिकले, ती दुकानात मला आठवलीच नव्हती.

"मी बदलून दुसरं आणते," मी पुटपुटले.

"कशाला?" आई आतून पदराला हात पुसत आली. अबोलीचे गजरे करणारी तिची बोटं बारीक. "कुठल्या अंगाला फिरवायचं?" तिनं चावी दिली, घड्याळ कानाला लावलं. "चाललं बघा." आणि अप्पांच्या मनगटावर बांधलं.

जत्रेत जो भेटेल त्याला अप्पा सांगत होते, "लेकीनं दिलंय. चावी हिच्या आईनं द्यायची, येळ मी सांगायची." लोक हसायचे. पण गर्दी दाटली तसा त्यांनी तो हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं झाकून घेतला. देवळापर्यंत ते तसेच चालले, अवघडून, धक्के खांद्यावर घेत. मी मागून चालत होते. मोडेल म्हणून मीच ओरडले होते; आता हात खाली सोडा, हे कुठल्या तोंडानं म्हणणार?