खांदा मोडलेला पाहुणा

काही वर्षांपूर्वी मी एका लहानशा व्यावसायिक सायकल टीममध्ये मालिशवाला होतो. शिकलेलो फिजिओथेरपी, पण तिथे ते कोणी विचारत नाही. सकाळी पाण्याच्या बाटल्या भरायच्या, दुपारी रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या रायडरांच्या हातात खाण्याच्या पिशव्या द्यायच्या, संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मालिशचं टेबल उघडून एकामागून एक पाय चोळायचे, आणि सगळे जेवायला गेले की त्यांचे कपडे मशीनला लावायचे. ठाण्यातल्या एका क्लिनिकमधली बरी नोकरी सोडून मी गेलेलो. टीम आग्नेय आशियातल्या शर्यतींत उतरायची. टीव्हीवर दिसतात त्या टीम वेगळ्या. आमच्याकडे दोन गाड्या आणि एक जुनी व्हॅन होती.

टीममधला सर्वांत वयस्कर रायडर उत्तर इटलीतल्या एका खेड्यातला होता. आयुष्यात एकही शर्यत जिंकलेला नव्हता. त्याचं काम जिंकायचं नव्हतंच. टीमचा जो मुख्य रायडर, त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागे गाडीपर्यंत येऊन सगळ्यांसाठी बाटल्या न्यायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. टेबलावर आडवा झाला की तो बोलायचा नाही. बाकीची पोरं दिवसभराचं सगळं सांगायची, कोणी धक्का दिला, कोण आडवा आला. हा डोळे मिटून पडायचा आणि उठताना तेवढं ‘थँक्यू’ म्हणायचा.

हंगामातल्या एका लांबलचक शर्यतीत, डोंगराच्या उतारावर, आमचे दोघेही एकाच वळणावर पडले. मुख्य रायडर आणि हा. दोघेही उठले. पुढचा घोळका निघून गेलेला आणि शेवटचा चढ बाकी होता. त्या चढावर हा सगळा वेळ पुढे राहिला आणि त्याने मुख्य रायडरला ओढत नेल्यासारखं पुन्हा घोळक्याला लावून दिलं. मग स्वतः मागे पडला. मी अंतिम रेषेपाशी टॉवेल घेऊन उभा होतो. बरेच जण येऊन गेल्यावर हा आला, एका हाताने हँडल धरलेलं, दुसरा हात पोटाशी. सायकल थांबवता येईना म्हणून माझ्याच अंगावर येऊन टेकला.

“खांदा बघ जरा,” एवढंच म्हणाला.

इस्पितळात एक्स-रे काढला. कॉलरबोनचे, खांद्याजवळच्या हाडाचे, सरळ दोन तुकडे. जेवणाच्या वेळी हा झोळीत हात घालून आला तेव्हा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणाला, “असे रायडर आता होत नाहीत.” हा खाली बसला आणि शेजारच्याला म्हणाला, “माझ्या ताटातलं मांस कापून देशील का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जर्सी घेऊन माझ्या खोलीत आला. पाठीवर नंबर लावून दे म्हणाला, एका हाताने पिना लागत नव्हत्या. मी लावून दिला. शर्यतीच्या डॉक्टरांनी त्याला सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवलं. मग तो व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसून राहिला, नंबर लावलेली जर्सी तशीच अंगावर.

शर्यत संपली. मला सुट्टीवर घरी यायचं होतं. मॅनेजर त्याला म्हणाला, बरा हो, हंगामातली शेवटची शर्यत आहे, तेव्हा बघू. त्याच्या गावी आईवडील उरले नव्हते आणि भाऊ सफरचंदाच्या तोडणीत गुंतलेला. त्याने मला विचारलं, “तुझ्याकडे जागा आहे का?”

“जागा नाही,” मी म्हटलं, “पण ये.”

असा तो डोंबिवलीत आला. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर, मी आणि आई राहतो तिथे. हॉलमधली दिवाणावरची गादी त्याला दिली. आईने त्याला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. हाडं आणि कातडी. गुडघ्याच्या वरपर्यंत करपलेला काळा पाय, त्याच्या वर एकदम दुधासारखा पांढरा, आणि पायावर एक केस नाही.

“हा आजारी आहे का रे?” तिने मला आत बोलावून विचारलं.

“नाही. सायकलवाले असेच असतात.”

“मग पायांचे केस का काढलेत?”

“मालिश करायला बरं पडतं. आणि पडल्यावर जखम साफ करायला.”

“म्हणजे पडायचं हे आधीच धरलेलं असतं,” आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पहिले काही दिवस तो नुसता झोपला. मी कितीतरी रायडर पाहिलेत, पण असं झोपलेलं माणूस पाहिलं नव्हतं. खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची, समोर नव्या टॉवरचं खोदकाम चालायचं, वरच्या मजल्यावर मिक्सर लागायचा, हा कूस बदलायचा नाही. तसं एका कुशीवर त्याला वळताच यायचं नाही. आई त्याला जेवायला उठवायची. आम्ही मूळचे मालवणकडचे, आमच्याकडे दुखणेकऱ्याला पेज देतात. गरम पेज, मीठ, वर लोणच्याचा खार. ती त्याने पहिल्या दिवशी निमूट खाल्ली आणि पुढे रोज मागायला लागला. मासे असले की आई काटे काढून त्याच्या ताटात ठेवायची. मला ती कधीच तशी ठेवत नाही.

आंघोळीला मी त्याला बादलीतलं पाणी घालायचो, कारण डावा हात वर जायचा नाही. त्याच्या पाठीवर जुन्या खरचटण्याच्या खुणा होत्या, एकावर एक. कमरेवर, कोपरावर, मांडीच्या बाजूला. मी त्या टेबलावर रोज पाहायचो, पण आमच्या मोरीच्या ट्यूबलाइटखाली त्या वेगळ्या दिसल्या. मी त्याला विचारलं, “यातली कुठली कधीची, आठवतं का?”

“नाही. मी पडतो, मग उठतो. मधलं राहत नाही लक्षात.”

बातमी पसरलीच. डोंबिवलीत सायकल चालवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. बँकेतले, आयटीतले, एक-दोन डॉक्टर. रविवारी पहाटे मुरबाड रोडला जातात. ते हळूच विचारत आले की खऱ्या प्रोफेशनल रायडरला भेटता येईल का. मी पाहुण्याला विचारलं. तो म्हणाला, येऊ देत. रविवारी दहाजण आमच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसले, आईने कांदेपोहे केले. सगळे त्याच्या झोळीतल्या हाताकडे बघत होते.

एकाने विचारलं, “तुम्ही इतकी वर्षं रेस केली. तुमच्या मते सगळ्यात टफ रायडर कोण?”

मोठमोठी नावं येतील म्हणून त्यांनी फोन पुढे धरलेले. पाहुण्याने पोह्यांची ताटली बाजूला ठेवली. मग म्हणाला, “मला माहीत नाही. मी जास्त करून पुढच्या माणसाचं मागचं चाक बघितलंय.”

ते हसले. तो चेष्टा करत नव्हता, मला माहीत होतं.

“पण मोडलेल्या हाडाने तुम्ही अख्खा चढ कसा चढलात?” दुसऱ्याने विचारलं.

“सायकलवर होतो तोवर पुढचं वळण बघायला होतं. व्हॅनमध्ये बसलो असतो तर नुसता खांदा उरला असता.”

पोहे खाऊन, फोटो काढून ते गेले. दार लावल्यावर तो दिवाणावर बसला आणि म्हणाला, “त्यांना वाटतं मी शूर आहे. मी फक्त खूप दमलोय. बऱ्याच वर्षांपासून.” हे बोलून तो आडवा झाला. मी ताटल्या गोळा करत राहिलो. खरं तर दमलेलो मीही होतो. त्याने ते पहिल्यांदा म्हटलं म्हणून मला माझं कळलं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला, मला. शेवटची शर्यत जवळ आली होती.

“कसा आहे तो?”

“कल्याणला नवा एक्स-रे काढला. हाड अजून जुळलेलं नाही.”

“खांद्याला पट्ट्या लावून सायकलवर बसवता येईल ना? तू लावतोस चांगल्या. यात उतरला तर पुढच्या वर्षी ठेवतो त्याला. नाही तर कठीण आहे.”

“आणि परत पडला तर?”

“तो पडून उठणाराच आहे,” मॅनेजर म्हणाला. “त्यालाच विचार. आज सांगा.”

पाहुणा समोरच बसलेला. मी सगळं जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू काय म्हणतोस?”

“मी पट्ट्या लावणार नाही.”

“मी मागितल्या तरी?”

“तरी.”

त्याने झोळीचा पट्टा सारखा केला. राग होता का ते मला कळलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमचं इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते.

“काय झालं?”

मी सांगितलं.

“त्याला म्हणावं, आधी जेव. उपाशीपोटी असल्या गोष्टींची उत्तरं देऊ नयेत.”

मी त्याला ते इंग्रजीत सांगितलं. तो जेवला. सोलकढी दोनदा घेतली. मग आपला फोन उशाशी ठेवून आडवा झाला. दुपारभर फोन अधूनमधून थरथरत होता. तो जागा होता, मला दिसत होतं, छताकडे बघत पडलेला. त्याने फोन उचलला नाही. संध्याकाळी उठला आणि आईला खुणेने विचारलं, चहा मिळेल का.

टीमने त्याला पुढच्या वर्षी घेतलं नाही. मलाही परत बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हाड जुळेपर्यंत तो आमच्याकडे राहिला. विमानतळावर जायला निघताना आईने त्याला कोकमाची पिशवी दिली. तो वाकून तिच्या पाया पडला. कोणी शिकवलं कोण जाणे, बहुतेक टीव्हीवरच्या मालिका बघून. रिक्षात बसताना त्याने सायकल, बॅगेसकट, माझ्याकडेच ठेवली. म्हणाला, वापर किंवा देऊन टाक. मी ती मुरबाड रोडवाल्यांपैकी एकाला दिली. तो चांगली चालवतो.

आता मी कल्याणात स्टेशनजवळ एका क्लिनिकमध्ये असतो. गुडघे, माना, आखडलेले खांदे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी अंगठे दुखतात. म्हातारी माणसं विचारतात, “डॉक्टर, अजून किती दिवस?” आणि मी म्हणतो, घाई नको.

तो भावाच्या बागेत काम करतो. थंडीत खांदा धरतो म्हणाला. फोन करतो अधूनमधून, आणि पहिलं आईशी बोलतो. ती मराठीत, तो इटालियनमध्ये. मी मध्ये पडत नाही. गेल्या वेळी बोलून झाल्यावर फोन माझ्याकडे देत ती म्हणाली, “आवाज बरा वाटला. जरा अंगावर मांस आलं असेल आता.”