स्वादुपिंड आधी

मावशींचा नवरा शिंपी. "आम्ही दोघंही कापून खातो," तो पाहुण्यांना सांगे, "फक्त हिचं कापड दिसत नाही." खरंच होतं. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मावशी मेणात बसवलेल्या अवयवांचे काप काढत होत्या, केसाच्या पंधराव्या हिश्शाएवढे पातळ. मग ते काचेवर घेऊन रंगवत. रंगकाम ही त्यांची खरी हौस.

त्या सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख सर एक काच नाचवत आत आले. उंदराच्या स्वादुपिंडात पेशींना निरोप पोचवणारं एक एन्झाइम कुठे कुठे असतं, याचा नकाशा ते तीन वर्षं करत होते. त्या एन्झाइमलाच चिकटणारी अँटीबॉडी घातली, की ते असेल तिथे तपकिरी रंग चढे. आजवर तो फक्त बेटांवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पुंजक्यांवर दिसे. या काचेवर भोवतालचा पाचकरसवाला मुलूखही तपकिरी!

"मावशी, रंगाची बाटली उपडी झाली का?"

"तसं असतं तर अँटीबॉडी न घातलेली जोडकाचही रंगली असती. ती बघा. कोरी आहे."

"म्हणजे मी तीन वर्षं माशा मारल्या?"

"ते मी कसं सांगू? गेल्या बुधवारी तुम्ही मीटिंगला होतात, म्हणून अवयव मी काढले. स्वादुपिंड आधी काढलं. तुम्ही यकृत, मूत्रपिंड, सगळं झाल्यावर त्याच्याकडे वळता. तोवर ते स्वतःलाच पचवायला बसतं."

सर हसले नाहीत. "शुक्रवारपर्यंत सिद्ध करून दाखवा. नाहीतर रंगकाम मशीनकडे."

मावशींनी एकाच स्वादुपिंडाचे दोन तुकडे केले. एक मिनिटाच्या आत पचन थांबवणाऱ्या फॉर्मालिनमध्ये, दुसरा अर्धा तास बशीत तसाच. मग दोन्ही एकाच मेणात, एकाच काचेवर. रंगाला पक्षपात करायला जागाच नको.

शुक्रवारी सर सूक्ष्मदर्शकाला चिकटले. ताजा तुकडा गच्च तपकिरी. बशीतल्या तुकड्यावर नुसती बेटं, भोवती फिकट चिखल.

सरांनी खुर्चीवरच गिरकी घेतली. "अहो, खरकटं मोजत होतो मी! तीन वर्षं खरकटं!"

मावशी इतक्या हसल्या की उचकी लागली. टेबलाला धरून त्या उभ्या राहिल्या.

"ताज्या स्वादुपिंडांच्या एकशे चाळीस काचा नव्याने रंगवायच्या," सर डोळे पुसत म्हणाले. "कोण रंगवणार?"

"मशीनला सांगा की," मावशी उचकत म्हणाल्या. पण तोवर त्यांनी हातमोजे चढवलेही होते.